सीटची उंची

जुन्या गाड्या बघायला जाताना मी खिशात दोन वस्तू ठेवायचो. एक फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक आणि दुसरी स्टीलची मोजपट्टी. लोहचुंबक सगळ्यांना समजायचं. पत्र्याला पोचा पडला असेल आणि आत पुट्टी भरून वरून रंग मारला असेल, तर तिथे चुंबक चिकटत नाही. ठोकलेली गाडी अशी पकडता येते. मोजपट्टी मात्र कोणाच्या लक्षात यायची नाही. मी पुढचं डावं दार उघडायचो, गुडघे टेकून खाली बसायचो आणि जमिनीपासून सीटच्या कडेपर्यंतचं अंतर मोजायचो.

"काका, गाडी घ्यायचीय की हिला परकर शिवायचाय?" पहिल्याच दिवशी एजंट म्हणाला.

विनोद बरा होता. एरवी मी हसलो असतो, वर त्याला दोन टोलेही दिले असते. त्या दिवसांत मला हसू येत नव्हतं आणि रागही येत नव्हता. मी पट्टी गुंडाळली आणि म्हणालो, "सत्त्याहत्तर सेंटीमीटर. फार उंच आहे. पुढची दाखव."

सातपूरच्या एका कारखान्यात मी एकतीस वर्षं तपासणी विभागात काढली. दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तूंतली खोट काढायची आणि तिच्यावर लाल ठिपका द्यायचा, हे माझं काम. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, पण नजर काही निवृत्त होत नाही. लग्नाला गेलो की आधी खुर्चीचा पाय डगडगतो का ते बघतो. बायको म्हणायची, "तुम्हाला स्वर्गात घेतलं तरी आत जायच्या आधी दाराच्या बिजागऱ्या तपासाल." असं ती चारचौघांत म्हणायची आणि मला ते आवडायचं. मीही तिला चारचौघांत काही ना काही म्हणायचो. ते तिला आवडायचं की नाही, हे मी कधी तपासलं नाही.

आमच्या घरात भांडण फारसं होत नसे. अबोला होत असे. ती रागावली की गप्प व्हायची, आणि मग तो दोन दिवस चालायचा, कधी चार. सगळ्यात लांबलेला अकरा दिवसांचा होता, लेकीच्या कॉलेजच्या प्रवेशावरून. अबोल्याचे नियम पक्के होते. स्वयंपाक वेळेवर व्हायचा, पण वाढताना भांडी नेहमीपेक्षा जरा जास्त वाजायची. माझ्या हातून ती काही घ्यायची नाही. मी पाण्याचा पेला पुढे केला, तर तो टेबलावर ठेवेपर्यंत ती हात लावायची नाही. एकमेकांच्या तोंडाकडे बघायचं नाही, हाही नियमच. आणि ज्याची चूक त्याने आधी बोलायचं. चूक कोणाची, हे अर्थातच ती ठरवायची.

गाडीतसुद्धा नियम होते. एरवी ती माझ्या शेजारी बसायची. अबोल्यात मात्र बरोबर माझ्या पाठीमागे, म्हणजे मला आरशातही धड दिसू नये. लोकांना मी तिचा ड्रायव्हर वाटायचो. बोलायचं नाही हे खरं, पण माझं गाडी चालवणं तिला आयुष्यात एकदाही पसंत पडलेलं नाही, त्यामुळे मी चुकायला लागलो की ती माझ्या सीटच्या पाठीवर बोटांच्या पेरांनी दोनदा ठोकायची. समोर बघा, एवढाच त्याचा अर्थ. तेवढी एकच सवलत अबोल्यात होती.

आमची जुनी गाडी छोटी आणि बुटकी. पंधरा वर्षांची झाली तरी इंजिन घड्याळासारखं चालायचं, कारण तेल मी स्वतः बदलायचो. बायकोचे गुडघे दुखायला लागले होते. त्या खोल सीटवरून उठताना तिला त्रास व्हायचा. "जरा उंच गाडी घेऊ या ना," असं ती तीनेक वर्षं म्हणत होती. मी म्हणायचो, "गाडी चालतेय ना? मग?" मला वाटायचं हे उत्तर आहे.

फेब्रुवारीत आम्ही विंचूरला तिच्या बहिणीकडे गेलो. बहिणीच्या सुनेचं डोहाळजेवण होतं, अंगणात पंचवीस-तीस माणसं. मी उतरून पुढे गेलो आणि साडूशी बोलत उभा राहिलो. तिने दोनदा उठायचा प्रयत्न केला. जमलं नाही. मग तिने मला हाक मारली, "अहो, जरा हात द्या की."

मी तिथूनच म्हणालो, "हात काय, क्रेनच मागवतो!"

अंगण हसलं. चांगलं खदखदून हसलं. मीही हसलो. ती दाराला धरून, लाल तोंडाने, कशीबशी उभी राहिली आणि पदर सारखा करून आत गेली. दिवसभर ती बहिणीशी, सुनेशी, सगळ्यांशी बोलत होती. माझ्याशी नाही. परतताना मागे बसली. मी मनात म्हटलं, चार दिवस तरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी उठलो, तेव्हा ती पलंगाच्या कडेला बसलेली होती. मी विचारलं, "चहा टाकू?" उत्तर नाही. मी नियमाप्रमाणे तिच्या तोंडाकडे बघितलं नाही. माझ्यापुरता चहा केला, फिरायला गेलो, येताना गाडीची पीयूसी काढली, भाजी घेतली. अकराला घरी आलो तर ती तशीच पलंगाच्या कडेला. मी म्हणालो, "आता किती ताणायचं?" आणि पिशवी ठेवून वळलो तेव्हा मला तिच्या ओठाच्या कडेची लाळ दिसली, आणि मांडीवर उलटा पडलेला उजवा हात.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी एकच प्रश्न पुनःपुन्हा विचारला. "शेवटचं नीट बोलताना तुम्ही यांना कधी पाहिलंत?"

मी म्हणालो, "काल सकाळपासून ती माझ्याशी बोललेली नाही."

"कालपासून? मग आणायला इतका उशीर का?"

"आमचा अबोला होता," मी म्हणालो.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग मान खाली घालून लिहायला लागले. मेंदूत गुठळी अडकल्यावर पहिल्या काही तासांत एक इंजेक्शन देता येतं, पण त्यासाठी सुरुवात कधी झाली हे माहीत असावं लागतं. रात्री झालं, पहाटे झालं, की मी चहा टाकू का विचारलं त्याच्या आधी पाच मिनिटं, हे मी सांगू शकत नव्हतो. एका घरात, एका खोलीत असून मला ती वेळ माहीत नव्हती. इंजेक्शन दिलं गेलं नाही.

उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. शेवटचं ती माझ्याशी जे बोलली, ते विंचूरच्या अंगणात.

तिथून पुढे मला काही वाटेनासं झालं. लेक पुण्याहून येऊन महिनाभर राहिली, रडली, परत गेली. नातेवाईक म्हणाले, भाऊजी किती खंबीर आहेत. खंबीर वगैरे काही नव्हतं. दात काढताना डॉक्टर सुई देतात आणि मग जबडा आपला वाटत नाही, तसं होतं. औषधांचं वेळापत्रक मी वहीत आखलं, पलंग बदलला, न्हाणीघरात धरायला दांड्या बसवल्या. पेठकडची एक मावशी दिवसभरासाठी ठेवली. सगळं चोख केलं. बायको माझ्या हातून सगळं घ्यायची. पेला पुढे केला की तोंड उघडायची, घास पुढे केला की गिळायची. माझ्याकडे बघायची, पण भिंतीकडे बघतात तसं. "तिला कितपत समजतंय?" असं मी विचारलं की डॉक्टर म्हणायचे, ते हळूहळू कळेल.

कळण्यासारखं काही घडत नव्हतं. माझ्या डोक्यात मात्र एक गोष्ट ठाण मांडून बसली होती. ती गप्प आहे ती आजारामुळे, की आत कुठेतरी बसून अजून माझ्यावर रागावलेली आहे? मला दुसरं हवं होतं. राग असेल तर निदान ती आत आहे.

व्यायाम घ्यायला येणाऱ्या मुलीने सांगितलं, की यांना घराबाहेर काढा, ओळखीच्या ठिकाणी न्या. मे महिन्यात आम्ही तिला जुन्या गाडीत बसवायला गेलो. मी, मावशी आणि वॉचमन. खोल सीटमध्ये ती अर्धी खाली गेली आणि तिथेच अडकली. ना बसता येईना, ना उठता. वीस मिनिटांनी तिला परत खुर्चीत घेतलं तेव्हा तिचा श्वास चढला होता. व्यायामवाली मुलगी म्हणाली, "काका, सीट त्यांच्या बसायच्या उंचीला हवी. खाली वाकायला नको आणि वर चढायलाही नको." मी बायकोला दांडीला धरून उभं केलं, मोजपट्टी काढली आणि आकडा लिहून ठेवला. पासष्ट ते अडुसष्ट.

पुढे सोपं होतं, असं मला वाटलं. छोट्या गाड्या पन्नासच्या आसपास भरतात. पायरी असलेल्या अजस्र गाड्या सत्तरच्या बऱ्याच वर. मधल्या आकाराची एसयूव्हीच काय ती पासष्ट ते अडुसष्टमध्ये बसते. त्यातही चांगली, वरच्या दर्जाची हवी होती, ते मिरवायला नाही. स्वस्त गाडीच्या कापडी सीटवर माणूस रुतून बसतो; चामड्याच्या सीटवर सरकता येतं. दार जास्त उघडतं. छताला हँडल असतं. नवी घ्यायची तर कित्येक महिने थांबायला सांगत होते, म्हणून जुनी. तीन वर्षं जिच्यासाठी "गाडी चालतेय ना" म्हटलं, ती गोष्ट मी आता लाल-हिरव्या ठिपक्यांची यादी करून शोधत होतो.

पाथर्डी फाट्याजवळ जुन्या गाड्यांची रांग लावून बसणारा तो एजंट माणूस वाईट नव्हता. बोलघेवडा होता, एवढंच. "काका, पहिल्या मालकाची आहे, डॉक्टरची गाडी, फक्त दवाखान्यात जायला वापरली," असं तो प्रत्येक गाडीबद्दल सांगायचा. मी एकदा विचारलं, "नाशिकमध्ये इतके डॉक्टर आहेत तर लोक आजारी कसे पडतात?" तो खूप हसला. मी ते विनोद म्हणून बोललो नव्हतो. एका पांढऱ्या गाडीचं माप सदुसष्ट भरलं, सगळं ठीक वाटत होतं, पण मागच्या दारावरून चुंबक सुळकन खाली घसरलं. मी एजंटकडे बघितलं. तो म्हणाला, "थोडंसं घासलं होतं, काका." मी पट्टी खिशात घातली आणि रिक्षा बघायला लागलो.

सहावी गाडी देवळाली कॅम्पात होती. एका लष्करी अधिकाऱ्याची बदली झाली होती, तो पुढे गेला होता आणि त्याची बायको मागे सामान बांधत होती. बंगल्याच्या व्हरांड्यात काळ्या ट्रंका रचलेल्या. गाडी करड्या रंगाची, स्वच्छ, सर्व्हिसची सगळी कागदपत्रं एका फाइलमध्ये तारखेवार लावलेली. कोणाच्या तरी कामात खोट काढता येत नाही, असं मला फार क्वचित होतं. चुंबक सगळीकडे चिकटलं. मी गुडघे टेकून माप घेतलं. सहासष्ट.

ती बाई उभी राहून बघत होती. तिने हिंदीत विचारलं, कोणासाठी घेताय? मी सांगितलं, बायकोसाठी. पॅरॅलिसिस आहे. तिने माझ्या बायकोची उंची विचारली आणि म्हणाली, मी साधारण तेवढीच आहे, मी बसून दाखवते. मग ती दाराकडे पाठ करून उभी राहिली, अलगद सीटवर टेकली, पाय आत घेतले, पुन्हा बाहेर काढले आणि उभी राहिली. तीनदा केलं तिने तसं. माझ्यासाठी कोणी परक्या बाईने हे करावं, याने माझ्या डोळ्यांत पाणी यायला हवं होतं. मी मनातल्या मनात म्हटलं, नव्वद अंशांनी वळली. आणि गाडी घेतली.

घासाघीस केली नाही म्हणून एजंट जरा हिरमुसला. पण त्याची खरी अडचण वेगळी होती. "काका, पितृपक्ष चालू आहे. या पंधरवड्यात लोक चप्पलसुद्धा घेत नाहीत. आठ दिवस थांबा, नवरात्रात घ्या." मी म्हणालो, ती बाई परवा निघतेय. तो म्हणाला, "काही वाईट झालं तर मला बोल लावू नका." मी त्याला म्हणालो, "आता काय व्हायचं राहिलंय?" त्याने कागद आणि पेन पुढे केलं.

गाडी घरी आली, पण मावशीने बायकोला तिच्यात बसवू दिलं नाही. "घट बसू द्या, भाऊ. मंग न्या. पितरांच्या दिवसात ताईला नाय बसवायची मी." मी वाद घातला नाही. गाडी आठ दिवस पार्किंगमध्ये कापडाखाली उभी राहिली. रोज संध्याकाळी मी खाली जाऊन कापड बाजूला करायचो, पुढचं डावं दार उघडायचो आणि पुन्हा मोजायचो. सहासष्टच भरायचं.

घटस्थापनेच्या सकाळी मावशीने बोनेटवर स्वस्तिक काढलं, चाकांखाली लिंबं ठेवली. बायकोची चाकाची खुर्ची मी पुढच्या डाव्या दाराशी नेली. मी शांत होतो. सगळं तपासलेलं होतं. तिला उभं केलं, पाठ सीटकडे, आणि ती बसली. अगदी अलगद, त्या लष्करी बाईसारखी. उंची अचूक होती.

मग पाय आत जाईनात.

मी तिला वळवू लागलो तसा तिचा उजवा पाय, लुळा, दाराच्या चौकटीत अडकला. मी तो उचलला, तर ती डावीकडे कलायला लागली. डाव्या हाताने तिने काहीतरी धरायला शोधलं, त्या बाजूला धरण्यासारखं काही नव्हतं, तेव्हा तिने माझा शर्ट धरला. दोनदा केलं, तिसऱ्यांदा केलं. नडगीला खरचटलं. ती काही आवाज करत नव्हती. मी म्हणालो, "पण माप बरोबर आहे." कोणाला म्हणालो कोण जाणे.

मावशी मागे उभी राहून बघत होती. "भाऊ, ह्या अंगानं नाय जमायचं," ती म्हणाली. "इकडून बसलं की लुळा पाय पैला आत जातो. धड पाय पैला जाऊ द्या की. त्या अंगानं आना ताईला."

तिने खुर्ची फिरवली आणि गाडीला वळसा घालून उजव्या बाजूला नेली. ड्रायव्हरच्या मागचं दार उघडलं. बायको टेकली. डाव्या हाताने तिने दोन दारांमधला खांब घट्ट पकडला, डावा पाय स्वतः उचलून आत घेतला, आणि मावशीने उजवा पाय मागोमाग आत ठेवला. अर्ध्या मिनिटाचं काम.

मी ती सीट कधी मोजलीच नव्हती. सहा गाड्या बघितल्या, आठ दिवस रोज खाली जाऊन मोजलं, पण मागचं उजवं दार एकदाही उघडलं नाही. तिची कुठली बाजू लुळी आहे हे मला माहीत होतं, माणूस कसा वळतो हे मी समोर तीनदा बघितलं होतं. पण माझ्या डोक्यात ती माझ्या शेजारी बसली होती, आणि मी त्या चित्राचं माप घेत होतो. एकतीस वर्षांत इतकी ढोबळ चूक मी कोणाची सोडली नसती.

आणि ती जागा, माझ्या बरोबर मागची, अबोल्याची जागा होती. हे माझ्या लक्षात आलं. लक्षात आलं, एवढंच. मी लिंबांवरून गाडी पुढे घेतली.

ओळखीचं ठिकाण म्हणून तिच्या बहिणीकडे निघालो होतो. विंचूरपर्यंत माझे कान मागे होते. निफाडच्या अलीकडे एक ट्रक एकदम आडवा आला आणि मला करकचून ब्रेक लावावा लागला. पूर्वी अशा वेळी सीटच्या पाठीवर हमखास दोन ठोके पडायचे. काही पडलं नाही. तिच्या शेजारी बसलेली मावशी "अगं आई" म्हणाली. आरशात बायकोच्या कपाळाचा तुकडा दिसत होता, तोही हलला नाही. मी मनाशी म्हटलं, चला, कळलं.

अंगण तेच होतं. मेहुणी धावत आली, "लय बारीक झाली गं माझी बहीन" म्हणून रडायला लागली. तिच्या घरचे सगळे बाहेर आले आणि अर्धवर्तुळ करून उभे राहिले, तेव्हासारखेच. या वेळी कोणी हसणार नव्हतं. मी उतरलो, मागचं दार उघडलं. बायकोने डावा पाय जमिनीवर टेकला, उजवा मावशीने आतून सरकवून दिला. ती दोन्ही पाय खाली सोडून, सीटच्या कडेला, बाहेर तोंड करून बसली. मी हात पुढे केला.

तिने हाताकडे बघितलं. मग माझ्या तोंडाकडे. मग पुन्हा हाताकडे, आणि स्वतःचा डावा हात मांडीवर तसाच ठेवला.

मी थांबलो. "चल," म्हणालो. ती हलली नाही. मावशी पलीकडून उतरून वळसा घालून आली, तिने हात पुढे केला, आणि बायकोने तो लगेच धरला. एका झटक्यात, गुडघे न थरथरता, ती उभी राहिली. "उठली गं, एका दमात उठली!" मेहुणी ओरडली. सगळे पुढे झाले. माझा हात अजून तसाच पुढे होता.

सात महिने तिने माझ्या हातून पाणी घेतलं होतं, औषध घेतलं होतं, घास घेतला होता. आज, या अंगणात, हात घेतला नाही.

दिवसभर मी साडूशी कांद्याच्या भावाबद्दल बोललो. त्याने काय सांगितलं ते मला आठवत नाही. मला ते नीट ओळखताही येईना, इतक्या दिवसांनी काहीतरी वाटत होतं. ज्याची चूक त्याने आधी बोलायचं. सात महिन्यांत मी तिच्याशी किती बोललो होतो, घास घे, कूस बदल, औषधाची वेळ झाली. ते बोललोच नव्हतो.

चारच्या सुमाराला निघालो. बाजारातून परतणारे रिकामे ट्रॅक्टर रस्त्यात होते, काही अजून भरलेले. मावशीला डुलकी लागली होती. मी आरसा वाकवून बघितला, पण तिचं कपाळच दिसलं.

"ऐकतेस का?" मी म्हणालो. "त्या दिवशी मी क्रेन म्हणालो. सगळ्यांसमोर. तू हात मागितला होतास. ते चुकलं माझं."

मागे शांतता.

"आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तू बोलली नाहीस, ते मला वाटलं रागच आहे. मी तुझ्याकडे बघितलंच नाही. मी फिरायला गेलो. भाजी घेत होतो मी, भेंडी निवडत होतो, आणि तू तिथे..." मला पुढे बोलता येईना. समोरचं मला पुसट दिसायला लागलं होतं.

सीटच्या पाठीवर दोन ठोके पडले.

मी वर बघितलं. समोरचा कांद्याचा ट्रॅक्टर थांबलेला होता. दिवा नाही, हात नाही, रस्त्याच्या मधोमध. मी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. गाडी थांबली तेव्हा ट्रॉलीची फळी बोनेटपासून हातभर लांब होती आणि एक कांदा टपकन काचेवर येऊन पडला.

मावशी दचकून उठली, "काय झालं, भाऊ?" मी स्टिअरिंगवर डोकं ठेवलं आणि रडलो. मोठ्याने, लाज न वाटता. ट्रॅक्टर कधीच पुढे गेला होता, मागच्या गाड्यांचे हॉर्न वाजायला लागले होते, आणि मी तसाच.

सीटच्या पाठीवर पुन्हा दोन ठोके पडले, पहिल्यापेक्षा जोरात.

मी डोळे पुसले, गिअर टाकला आणि गाडी पुढे घेतली.